उजव्या बाजूचा जोर

१

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे आणि शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. पण तेवीस वर्षं विमान चालवूनही हा माणूस उड्डाणाआधीची यादी ओळीवर बोट ठेवून वाचायचा, आणि शेजारच्या को-पायलटनं एखादा शब्द गिळला की शांतपणे म्हणायचा, "पुन्हा." एवढ्यावरून कंपनीनं त्यांचं बारसं करून टाकलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते नेहमीची पन्नास मिनिटांची फेरी संपवून उतरत होते. आकाश स्वच्छ, वारा नावालाही नाही. उजव्या खुर्चीत धाकटी होती. तिची थोरली बहीण आधीपासून कंपनीत पायलट, म्हणून ही धाकटी. वय एकोणतीस, हात हलका, बोलणं मोजकं.

त्या जातीच्या विमानात दोन्ही पायलटांपुढे एकेक कंट्रोल असतं. जाड दांड्यावर अर्धं स्टिअरिंग बसवावं तसं. दोन्ही कंट्रोल कॉकपिटच्या जमिनीखालून एकमेकांना जोडलेली, एक हललं की दुसरं हलतं. त्यामुळे शेजारच्यानं हात लावला तर मान न वळवता कळतं. दोघांनी मिळून कपाट उचललं की पलीकडच्याची पकड सैल झालेली कळते ना, तसं.

जमीन चाळीसेक फुटांवर आली आणि मास्तरांना धाकटीचा हात जाणवला. हलकाच, पण ठाम. त्यांच्याबरोबरीनं कंट्रोल मागे ओढणारा. नवी पोरं धास्तीनं असं करतात.

"हात काढ," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"काढलेत, सर."

चाकं टेकली. मास्तरांनी क्षणभर उजवीकडे पाहिलं. धाकटीचे दोन्ही तळवे मांड्यांवर पालथे होते. आणि कंट्रोलवरचा तो जोर अजून तिथेच होता. विमानाचं नाक खाली टेकेपर्यंत तो थांबला, आणि मग सुटला. एकदम नाही. एकेक बोट उचलावं तसा.

२

लॉगबुकात काय लिहायचं यावर मास्तरांनी दहा मिनिटं घालवली. शेवटी लिहिलं: 'उतरताना कंट्रोलवर अनपेक्षित जोर. उजव्या बाजूने.'

ते वाचून मामा वर आला. मामा म्हणजे मुख्य इंजिनिअर. हँगरमधला एकूण एक माणूस स्वतःला त्याचा भाचा समजत असे, आणि तोही त्यांना तसंच फैलावर घेत असे.

"मास्तर, जोर म्हणजे कसला? धक्का, थरथर, अडकल्यासारखं? काहीतरी नीट सांगा."

"हात ठेवल्यासारखा."

"कुणाचा?"

"तेच तर."

मामानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "हात कुठल्या रकान्यात लिहू मी? माझ्याकडे केबलचा रकाना आहे, पुलीचा आहे, मोटरचा आहे."

दोन दिवस विमान उघडून ठेवलं होतं. मामा अर्धवट काम करणारा नव्हता. जमिनीच्या पत्र्याखालून केबलच्या टोकापर्यंत त्यानं सगळं हातानं चाचपलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओळीखाली त्याच्या गोल अक्षरात ओळ आली: 'तपासले. दोष आढळला नाही.'

३

मास्तर हिशेबी डोक्याचे. विमानात दोष नाही, तर दोष आपल्यात असणार. एक्कावन्नावं वर्ष लागलं होतं. हातातली संवेदना जाते, नसा दबतात, हे त्यांनी वाचलं होतं. डॉक्टरांकडे गेलं की ते कंपनीला कळणार, आणि कंपनीला कळलं की संपलंच.

रविवारी बायको वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मास्तरांनी एका चादरीची दोन टोकं हातात घेतली आणि डोळे मिटले.

"तू मधेच सोड. न सांगता. मी ओळखतो."

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का हे?"

"सोड गं तू."

तिनं सोडली. "सोडलीस," ते म्हणाले. मग तिनं दोन बोटांनीच धरली. "दोन बोटं." मग नुसती किंचित ढील दिली. तेही त्यांनी ओळखलं. दहा वेळा झालं, दहाही वेळा बरोबर. बायकोला गंमत वाटायला लागली होती. पण डोळे उघडल्यावर नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं हातातली चादर खाली ठेवली.

"बरोबरच आलं ना सगळं? मग असं तोंड का?"

त्यांचे हात खोटं सांगत नव्हते, हे आता पक्कं झालं होतं. हात बिघडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

४

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विमान वाट्याला आलं. को-पायलट दुसराच होता. वारा आडवा आणि खोडकर, क्षणात थांबणारा, क्षणात लोटणारा. अशा वाऱ्यात उतरणं म्हणजे भरलेली पातेली घेऊन हलत्या फळीवरून चालणं.

या वेळी हात शंभर फुटांवरच आला.

मास्तर कंट्रोल वळवायला जायचे आणि ते आधीच वळलेलं असायचं. नेमकं तेवढंच. पाव सेकंद आधी. वाऱ्याचा झोत यायच्या आत त्याचं उत्तर तयार. विमान असं टेकलं की मागे कुणाच्या पेल्यातलं पाणी हललं नसेल.

"क्या बात है, सर!" को-पायलट म्हणाला. त्याचे हात कुठे होते, हे मास्तरांनी उतरण्याआधीच पाहून ठेवलं होतं.

आणि त्या दिवशी मास्तरांनी लॉगबुकात काहीच लिहिलं नाही. कौतुक गोड लागलं होतं. घरी जाताना त्याचीच त्यांना लाज वाटली, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरून ते मामाच्या केबिनमध्ये गेले.

मामानं काही न बोलता त्याच विमानाची जुनी लॉगबुकं टेबलावर ठेवली. सहा पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या. सहा वेगवेगळे कॅप्टन, दीड वर्षातले. एकानं लिहिलं होतं, 'कंट्रोल जड.' दुसऱ्यानं, 'कंट्रोल गरजेपेक्षा हलके.' तिसऱ्यानं, 'वळवण्याआधी किंचित वळते.' एकानं एक आख्खी ओळ लिहून ती इतकी खोडली होती की कागद फाटला होता. प्रत्येकाखाली मामाचीच ओळ. दोष आढळला नाही.

"तुम्ही लिहिल्यावर शोधून काढलं हे," मामा म्हणाला. "सहा जण म्हणजे काही थोडे नाहीत. पण मला वेगळ्याच गोष्टीची भीती वाटतेय."

"कसली?"

"दुसऱ्यांदा कुणीच लिहिलेलं नाही."

५

सहातलं एक नाव गवईचं होतं. गवई आणि मास्तर एकाच तुकडीत शिकलेले. कॉकपिटमध्ये अखंड गुणगुणायची सवय, म्हणून गवई. त्याच्याबरोबरचे को-पायलट कानात कापूस घालून जातात, असा विनोद होता.

पायलटांच्या विश्रांतीच्या खोलीत तो खिडकीशी बसलेला सापडला. गुणगुणत नव्हता. मास्तरांच्या तेच आधी लक्षात आलं.

"तूपण लिहिलंस म्हणे," गवई म्हणाला. "मी एकदाच लिहिलं. मग म्हटलं, मदतच करतंय ना? करू दे."

"तुझ्याकडे कुठून येतं?"

"कुठून म्हणजे?"

"किती उंचीवर?"

गवईनं खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात दोघी हवाई सुंदरी मोबाइल बघत बसल्या होत्या. तो पुढे वाकला. "पहिल्यांदा पन्नास फुटांवर. मग हजार. आता ऑटोपायलट सोडला की लगेच. आता मी नुसता बसतो रे." तो हसला, पण ते हसू गालांपर्यंतच गेलं. "भानगड वेगळीच झालीय. दुसऱ्या विमानात मला नीट उतरवता येईनासं झालंय. गेल्या महिन्यात दोनदा आपटलं. म्हणून ड्युटी लावणाऱ्याच्या हातापाया पडून हेच विमान मागून घेतो."

"अरे, वेडा की काय तू? वर सांग. लिही पुन्हा."

"आणि ते गेलं म्हणजे?"

मास्तरांना वाटलं होतं, गवई घाबरलेला असेल. त्याची त्यांनी तयारी केली होती. पण गवई घाबरलेला होता तो ते जाईल म्हणून.

६

यानंतर पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता मास्तर आणि धाकटी तेच विमान घेऊन परत येत होते. मागे एकशे अठ्ठेचाळीस प्रवासी. लख्ख ऊन, धावपट्टी सरळ समोर. मास्तरांनी ऑटोपायलट सोडला आणि हात आला. वाटच पाहत बसल्यासारखा.

विमान डावीकडे कलू लागलं. हळूहळू. घाई नाही, धसमुसळेपणा नाही.

"सर, डावीकडे चाललोय."

"मी नाही नेत."

डावीकडे काहीही नव्हतं. नुसतं उजाड माळरान, दगड आणि खुरटी झुडपं. पण विमान ज्या रीतीनं तिकडे वळत होतं, नाक किंचित खाली, वेग अगदी बेतात, ती रीत मास्तरांना चांगली ठाऊक होती. धावपट्टी दिसत असलेला माणूस विमान असं वळवतो.

"धर माझ्याबरोबर," मास्तर म्हणाले. "उजवीकडे."

दोघांनी जोर लावला. धाकटीचे ओठ पांढरे पडले. कंट्रोल अडकलेलं नव्हतं. अडकलेलं लोखंड मुर्दाड असतं. हे धरलेलं होतं, आणि धरणाऱ्याला राग आलेला नव्हता. हट्ट करणाऱ्या पोराचं मनगट मोठ्या माणसानं धरावं, इतक्या समजूतदारपणे धरलेलं होतं.

पायलटांमध्ये रिवाज असतो. एकानं मोठ्यानं सांगितलं, की दुसऱ्यानं सोडायचं.

"कंट्रोल माझ्याकडे," मास्तर म्हणाले.

सुटलं नाही.

"कंट्रोल माझ्याकडे!"

माळरानावरचे दगड वेगवेगळे दिसायला लागले होते. धाकटीनं मास्तरांकडे पाहिलं आणि मग, कुणालातरी ऐकू जावं म्हणून ओरडतात तशी, ती आपल्याच मांडीकडे बघून ओरडली, "सोडा! सर सोडा म्हणतायत!"

ते सुटलं. इतकं अचानक, की विमान उजवीकडे झुकलं आणि मागून किंकाळ्या आल्या. मास्तरांनी इंजिनं पूर्ण ताकदीवर नेली, विमान वर घेतलं, मोठी फेरी मारली आणि एकट्याच्या हातानं उतरवलं. उतरणं जरा खडबडीत झालं. तेवीस वर्षांत इतकं सुख त्यांना कुठल्याच उतरण्यानं दिलं नव्हतं.

इंजिनं बंद झाल्यावर धाकटी म्हणाली, "तुम्ही लिहाल ते लिहा. खाली माझंही नाव घाला."

७

विमानात एक यंत्र असतं, कुठल्या कंट्रोलवर किती जोर पडला ते टिपून ठेवणारं. चौथ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी त्याचा आलेख टेबलावर पसरला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागदापलीकडचं दिसत नसे.

"हे बघा. उजव्या बाजूच्या कंट्रोलवर जोर. डावीकडे. सलग एकोणीस सेकंद. उजवीकडे कोण बसलं होतं?"

धाकटी खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या नोकरीचं हे दुसरंच वर्ष.

"त्या उजवीकडे ओढत होत्या," मास्तर म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून. मी पाहिलंय."

"मग डावीकडे कोण ओढत होतं?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे खुर्ची एक, माणूस एक, आणि हात चार?" साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, तुमची नोकरी एवढी स्वच्छ. को-पायलट गोंधळली, एवढं लिहा, विषय संपला. तिला महिनाभर पुन्हा प्रशिक्षणाला पाठवू. तुम्ही म्हणताय तसं लिहिलंत, तर मला तुम्हाला डॉक्टरकडे पाठवावं लागेल. कुठला डॉक्टर ते मी सांगायला नको."

मास्तरांनी कागद पुढे ओढला आणि जसं घडलं तसं लिहून दिलं. आकड्यांसकट.

दोघांनाही चौकशी होईपर्यंत घरी बसवण्यात आलं. विमानावर मात्र ठपका नव्हता. यंत्रात दोष नाही, असं कागद सांगत होता. परवा सकाळी ते पुन्हा उडणार होतं. गवईनं स्वतः मागून घेतलं होतं.

८

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मास्तर हँगरमध्ये गेले. मामाची सही राहिली होती. तिच्याशिवाय विमान बाहेर निघत नाही.

"दाखवा मला," मामा म्हणाला. "मी आयुष्यभर कागद वाचले. एकदा डोळ्यांनी बघू."

दोघं कॉकपिटमध्ये चढले. मास्तर डाव्या खुर्चीत बसले, मामा मागे दारात उभा राहिला. उजवी खुर्ची मोकळी. कंट्रोलला ताकद पुरवणारे पंप बंद होते. पंप बंद असताना ते कंट्रोल हलवायला दोन्ही खांदे लावावे लागतात. बाहेर कुणीतरी पत्र्याला भोक पाडत होतं, त्याची किर्र किर्र येत होती. मास्तरांनी हात छातीशी घडी घालून ठेवले.

पाच मिनिटं काही झालं नाही. मामानं पाय बदलला. "मास्तर, मला वाटतं आपण दोघंही..."

कंट्रोल डावीकडे वळलं. पूर्ण. खिडकीचा पडदा सरकावा इतक्या सहज. मग उजवीकडे, पूर्ण. मग पुढे. मग मागे. घाई नाही, एकही पायरी गाळलेली नाही. उड्डाणाआधी प्रत्येक पायलट करतो ती तपासणी.

मग ते मधोमध आलं आणि थांबलं.

कशासाठी थांबलं, ते मास्तरांना कळलं. या ठिकाणी दुसऱ्यानं एक शब्द बोलायचा असतो. 'मोकळं.' तो बोलल्याशिवाय पुढची पायरी होत नाही.

तीस वर्षं अशा तपासण्यांच्या वेळी हजर राहिलेल्या मामाचं तोंड सवयीनं उघडलं. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

कंट्रोल वाट बघत राहिलं. बाहेरची किर्र किर्र थांबली होती. मग ते दोनदा हललं, बारीक, टिचकी मारून आठवण करून द्यावी तसं.

दोघं मागच्या मागे बाहेर पडले. शिडीखाली आल्यावर मामानं सहीचा कागद काढला, आणि सहीच्या जागी लिहिलं: 'मी सही करणार नाही.' कारणाचा रकाना त्यानं कोरा ठेवला.

९

मामानं नाही म्हटल्यावर त्याच्या एकाही भाच्यानं सही केली नाही. साहेबांनी आदळआपट केली, बाहेरून माणूस आणला. तो माणूस तासभर आत बसून आला आणि सही न करताच जेवायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. विमान ओढत नेऊन हँगरच्या मागच्या टोकाला उभं केलं. धाकटी दीड महिन्यानं कामावर परतली. मास्तरांना डॉक्टरांनी ठणठणीत ठरवलं आणि त्यांनी दुसऱ्या जातीची विमानं मागून घेतली. गवई रजेवर गेला, एवढंच कानावर आलं होतं.

चार महिन्यांनी एका सकाळी मामाचा फोन आला. "गवई आलाय. रोजच येतो म्हणे, पहारेकऱ्याशी गोड बोलून वर चढतो. आज उतरायलाच तयार नाही. तुम्ही या."

विमानावर धूळ बसली होती. शिडी तेवढी स्वच्छ होती, रोजच्या पायांनी. मास्तर वर गेले.

गवई डाव्या खुर्चीत होता. अंगावर पूर्ण गणवेश, पण तो आता त्याला ढगळ झालेला. नजर समोरच्या काचेवर. काचेपलीकडे हँगरची पत्र्याची भिंत.

"ये मास्तर," मान न वळवता तो म्हणाला. "दोन्ही जागा भरल्यात. मागची घडीची खुर्ची आहे बघ."

उजवी खुर्ची रिकामी होती. पण तिचे पट्टे लावलेले होते, चारही. आणि ते गादीवर पडलेले नव्हते. गादीपासून वीतभर पुढे, छातीच्या अंतरावर, ताणलेले होते.

मास्तरांनी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. "गवई, उतर."

"आता कसा उतरू? धावपट्टी दिसू दे की."

"खाली मामा थांबलाय. तुझी बायको येतेय. चल, ऊठ." मास्तरांनी त्याचा उजवा दंड धरला आणि वर ओढला.

दंड आला. हात आला नाही. तो दोन खुर्च्यांच्या मधून उजवीकडे ताणलेला राहिला, तळवा उताणा, बोटं एकमेकांवर दाबून पांढरी झालेली. मास्तरांनी पाय रोवले आणि सगळा जोर लावला. पलीकडूनही तेवढाच जोर आला. त्याच्यापेक्षा जास्त नाही.

"दोघं ओढू नका ना रे," गवई कळवळून म्हणाला. "दुखतंय मला."

मास्तरांनी सोडलं नाही.